दूध नेमकं काय काम करत होतं?

व्हीगन पाककृतींच्या या नव्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण दुधाचं आहे. शेंगदाण्याचं दूध, काजूचं, बदामाचं, सोयाबीनचं, तिळाचं, ओट्सचं, नारळाचं. गाईम्हशीचं दूध, दही, लोणी, तूप, अंडी, मध, मांस, मासे यातलं काहीही खायचं नाही असं ठरवलेल्या माणसांसाठी लिहिलेलं पुस्तक, आणि त्यात दाणे किती तास भिजवायचे, पाणी किती पट घालायचं, गाळायचं फडकं किती घट्ट विणीचं हवं, यावर पानंच्या पानं. मला ते आवडलं. आपल्याकडे मटण सोडणारी माणसं घरोघर सापडतात, अंडी न खाणारीही सापडतात. खरी अडचण येते ती दुधाशी, हे लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक आहे.

पुस्तक मागवलं माझ्या लेकीने. ती पशुवैद्यक शिकते. शिक्षणाचा भाग म्हणून गोठ्यांवर जावं लागतं. एका मोठ्या गोठ्यावरून परत आली त्या रात्री तिने दूध घेतलं नाही, आणि नंतर कधी घेतलंच नाही. म्हशीला रेडी झाली तर ती ठेवतात. रेडा झाला तर त्याला पाजलेलं दूध अंगावर पडतं, म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही अशी रीत. तो आपोआप मरतो. मग म्हैस पान्हा चोरते, म्हणून तिला इंजेक्शन. हे तिने घरी फार रंगवून सांगितलं नाही. एकदाच सांगितलं आणि विषय बंद केला. मी माण तालुक्यात, दावणीला जनावरं असलेल्या घरात वाढले, त्यामुळे यातलं बरंचसं मला माहीत होतं. माहीत असूनही मी रोज दूध तापवत होते. तिने पाहिलं आणि ताटातून दूध बाजूला केलं. एवढा सरळ हिशेब मला कधी जमला नव्हता, म्हणून तिच्या जेवणाची जबाबदारी मी मनापासून अंगावर घेतली.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं नातेवाइकांकडून ऐकावं लागतं. व्हीगन सोसायटी इंग्लंडमध्ये १९४४ साली निघाली हे खरं. पण गांधीजींनी दूध सोडलं ते १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना. गाईम्हशींचे कसे हाल करतात याची माहिती त्यांच्याकडे कलकत्त्याहून आली होती, आणि तेही एक कारण ठरलं. पुढे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या मोहिमेच्या काळात आजारपणाने खंगले, तेव्हा डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला आणि कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाईम्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं चालेल. त्यांनी ते घेतलं, पण मनाची टोचणी काही गेली नाही. दुधाच्या जागी काय, याचा शोध त्यांनी पुष्कळ केला आणि समाधानकारक असं काही त्यांना मिळालं नाही. पुस्तकातल्या पाककृती करताना मला हे सारखं आठवतं. एवढ्या चिकाटीच्या माणसाला जे जमलं नाही ते माझ्या मिक्सरमध्ये सहज होईल अशी अपेक्षा धरायची नाही.

चहापासून सुरुवात केली, कारण घरात सगळ्यात जास्त दूध चहालाच लागतं. ओट्सचं घरी काढलेलं दूध उकळलं की त्याची खळ होते. बदामाचं दूध उकळत्या चहात फुटतं आणि वर कण तरंगतात. नारळाचं दूध घातलं तर चहा प्यायल्यासारखं वाटतच नाही. सोयाबीनचं दूध मात्र टिकतं, आणि त्याला कारण आहे. चहाचा तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. ज्या दुधात प्रथिनंच नाहीत ते चहाचा रंग बदलेल, तुरटपणा घालवणार नाही. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर. फक्त त्याचा तो कच्चट वास. पुस्तकात त्यावर चांगला उपाय दिला आहे: भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात न वाटता उकळत्या पाण्यात वाटायचं. वास तयार करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने लगेच निकामी होतं. वाटून, गाळून, मग पुन्हा चांगलं उकळायचं. करून पाहिलं, वास खरंच निम्म्याहून कमी झाला. आलं आणि गवती चहा घातल्यावर उरलेलाही झाकला जातो.

इथून माझी पुस्तक वाचायची पद्धत बदलली. पुस्तक म्हणतं, दुधाऐवजी हे घ्या, तुपाऐवजी ते घ्या. मी आधी बघायला लागले की या पदार्थात दूध नेमकं काय काम करत होतं. चहात ते तुरटपणा मारतं. कढीत आंबटपणा देतं. वरणभातावर तूप होऊन वास देतं. खिरीत दाटपणा आणतं. एकच पदार्थ इतकी निरनिराळी कामं करतो, तर त्या सगळ्या कामांना मिळून एकच बदली कशी पुरेल? काम कळलं की ते दुसऱ्या कुणाकडून करून घेता येतं. नक्कल करायला गेलं की बहुतेक वेळा फसतं.

शेंगदाण्याच्या दह्याचं सविस्तर सांगते, कारण त्यात मला सगळ्यात जास्त सापडलं. दाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी दोन्ही हातांनी चोळले की सालं सुटून पाण्यावर येतात. ती काढून टाकली नाहीत तर दह्याला तांबूस छटा आणि किंचित कडवटपणा येतो. वाटीभर दाण्यांना तीन-साडेतीन वाट्या पाणी घालून बारीक वाटायचं, फडक्यातून पिळून घ्यायचं. चोथा टाकायचा नाही, तो थालीपिठाच्या भाजणीत छान मुरतो. दूध गॅसवर ठेवलं की हात थांबवायचा नाही. ते खाली लागतं, आणि वर इतका फेस धरतं की मोठं पातेलंच घ्यावं. कोमट झालं की विरजण. आता विरजण आणायचं कुठून, कारण घरातलं दही तर चालणार नाही. पुस्तक सांगतं, हिरव्या मिरचीचे देठ घाला. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. मी सहा-सात मिरच्यांचे देठ बुडवले, पातेलं कणकेच्या डब्याशेजारी उबेला ठेवलं आणि सकाळी झाकण काढलं तर लागलं होतं. सैलसर, वर पाणी सुटलेलं, दाण्याचा वास येणारं, पण दही. त्या पहिल्या दह्याचं विरजण लावून केलेलं दुसरं जास्त घट्ट आणि जास्त आंबट झालं. तेच कढीला घ्यायचं.

कढी नेहमीसारखीच केली. बेसन लावून घुसळलं, आलं-मिरची ठेचून घातली, तेलात जिरं, मेथीचे चार दाणे, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी. उकळी फुटू दिली नाही. सासूबाईंनी वाटीतून एक घोट घेतला, थांबल्या, आणखी एक घेतला आणि म्हणाल्या,

"अगं, ही कढी कुठली? ही दाण्याची आमटी आहे. आंबट दाण्याची आमटी."

"आजी, पण आवडली का?" लेकीने विचारलं.

"आवडली ना. पण मग आमटीच कर म्हणावं आईला. दाणे वाटायचे, आमसूल टाकायचं. रात्रभर मिरचीचे देठ कशाला भिजत घालायचे?"

त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. उपासाच्या दिवशी भगरीबरोबर आपण दाण्याची आमटी करतोच. तिच्यात आंबटपणा आमसुलाचा, दाटपणा दाण्याचा. भातावर घ्यायला काहीतरी पातळ, आंबट आणि ओशट हवं, हे कढीचं काम ती कधीपासून करते आहे. आता आमच्याकडे कढीच्या जागी आमटी असते आणि त्या दह्याचं ताक करून त्यात काळं मीठ, जिरेपूड घालून लेक पिते. ताक म्हणून ते खरंच चांगलं लागतं.

तुपाच्या बाबतीत माझं मत कडक आहे. पुस्तकात खाण्याच्या खोबरेल तेलात पेरूची पानं, कढीपत्ता आणि चिमूटभर हळद मंद आचेवर तळून, गाळून 'तूप' करायला सांगितलं आहे. रंग बरोबर येतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत ते बरणीत तुपासारखं रवाळ दिसतंही. पण गरम वरणभातावर घातलं की कळतं. लोणी कढवताना तळाशी जी बेरी तांबूस होते तिच्यातून तुपाचा वास येतो. दुधातला तो भाग जळण्याच्या बेतात आल्याशिवाय तो वास जन्मतच नाही. पेरूच्या पानांत तो नाही, आणि कितीही पानं घातली तरी तो येणार नाही. ही पाककृती मी पुन्हा करणार नाही.

तिच्याऐवजी मी माहेरची सवय काढली. माणमध्ये भाकरीवर ठेचा किंवा जवसाची चटणी घ्यायची, मध्ये बोटाने खळगा करायचा आणि त्यात करडईचं कच्चं तेल ओतायचं. घाण्याचं तेल असेल तर त्याला स्वतःचा वास असतो, किंचित हिरवट, बियांचा. लेकीला मी वरणभातावर कारळाची चटणी आणि घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल दिलं. तुपाची आठवण करून देण्याच्या भानगडीत ते पडत नाही, म्हणून ते जमलं.

काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटून अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस करायची कृतीही पुस्तकात आहे. जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाने २०१४ मध्ये ही गोष्ट शोधून काढली आणि जगभरच्या व्हीगन स्वयंपाकात क्रांती झाली. फेस खरोखर शुभ्र आणि ताठ येतो, बघत राहावं असा. पण आमच्या घरात केकबिक फारसे होत नाहीत, त्यामुळे मी ते चण्याचं पाणी कटाच्या आमटीसारखं फोडणीला टाकते.

खरवसाच्या पानावर मात्र मी बराच वेळ अडकले.

पुस्तकात खरवस आहे: नारळाचं दाट दूध, गूळ, वेलची, जायफळ आणि चायना ग्रास. वाफवायचं, थंड करायचं, वड्या पाडायच्या. मी लहानपणी खाल्लेला खरवस आमच्याच म्हशीच्या चिकाचा असायचा. त्याला चायना ग्रास लागत नाही. चिकात इतकी प्रथिनं असतात की नुसत्या वाफेवर तो आपणहून धरतो. कापला की आत बारीक जाळी दिसते, त्या जाळीत गोड पाणी असतं. आमचे वडील पहिल्या धारेला वासरू सोडायचे, त्याचं पोट फुगेपर्यंत पिऊ द्यायचे आणि मग उरेल ते घरात. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आजोबांचं बरोबर होतं. वासराला पोटात असताना आईकडून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आणि आतडी ती शोषून घेतात ती जेमतेम पहिल्या चोवीस तासांत. नंतर कितीही पाजलं तरी उपयोग नाही." वडिलांना प्रतिपिंडं हा शब्द माहीत नव्हता. पण कुणाचा हक्क आधी हे त्यांना माहीत होतं. आता बाजारात चीक पाकिटातून मिळतो. तो कुणाच्या पोटातला काढून आला असेल, हे मनात आल्यावाचून मला ते पाकीट हातात धरवत नाही. लेकीचं बाकी सगळं एकीकडे ठेवलं तरी खरवसाच्या बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे.

नारळाचा खरवस केला. वडी स्वच्छ तुटली, काचेसारखी. जाळी नाही, पाणी नाही. चायना ग्रासला कराकरा तुटायची सवय असते. चव उत्तम होती, घट्टपणा उपरा होता. सासूबाई मूळच्या गुहागरकडच्या. त्यांनी वडी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हा रस एवढा चांगला काढलाय, त्याला कशाला गोठवतेस? शिरवळे कर." मग त्यांनी माळ्यावरचा लाकडी साचा काढायला लावला. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडल्या आणि त्या गुळाच्या नारळरसात बुडवल्या. साचा दाबायला अंगात जोर लागतो. लेक दाबत होती आणि सासूबाई खाली ताट फिरवत होत्या. नारळाच्या दुधाला गोठायची गरजच नव्हती. कोकणात आणि गोव्यात ते पातळच राहून काम करतं: शिरवळ्यांच्या रसात, घावनांबरोबरच्या घाटल्यात, मणगण्यात हरभऱ्याची डाळ आणि साबुदाण्याबरोबर, सोलकढीत आमसुलाबरोबर.

इथे कुणीतरी म्हणणार, बघा, आपलं जेवण आधीपासूनच व्हीगन आहे, पुस्तकं कशाला हवीत? हे वाक्य मला खटकतं. माझ्या माहेरी दुधाशिवायचं जेवण होतं कारण दूध डेअरीला जायचं. पहाटे आई धार काढायची, किटली घेऊन मी जायचे, फॅट किती लागली ते चिठ्ठीवर लिहून मिळायचं आणि दहा दिवसांनी पगार. त्या पैशावर पेंड यायची, वह्या यायच्या. आम्ही पोरं गुळाचा कोरा चहा प्यायचो. सासरी कोकणातली जनावरं लहानखुरी, वासरू पिऊन उरेल ते शेरभर दूध. चार पोरांच्या घरात ते कुणाला पुरणार? नारळ परसात होता म्हणून नारळ. त्या जेवणात कौशल्य अफाट होतं, पण ते नाइलाजातून आलेलं होतं. जिने म्हैस पाळली तिलाच दूध नव्हतं. लेकीने दूध सोडलं ते समोर असताना सोडलं. या दोन गोष्टी एकाच ओळीत बसवून अभिमान बाळगणं मला जमत नाही. आईला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आधी पोरांना पेलाभर दूध मिळू दे, मग सोडायचं बघू.

असाच एक कोपरा काजूचा. पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक 'मलाई'दार पाककृतीत काजू आहेत. काजू भिजवून वाटले की साय तर फार सुरेख होते, यात वाद नाही. पण काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी भाजून काढतं. सासूबाई लहानपणी घरच्या बिया फोडायच्या, त्यांच्या बोटांची सालं गेलेली असायची. आणि कारखान्यांतून हे काम आजही बहुतेक बायकाच करतात. जनावराला त्रास नको म्हणताना माणसाच्या हाताचाही हिशेब ठेवावा, असं मी लेकीला म्हटलं. ती विचारात पडली. आता आम्ही साय करायला मगजबी किंवा तीळ घेतो, आणि काजू सणासुदीला. पाकिटांवर हल्ली हिरव्या रंगातला 'व्ही' दिसतो, व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये नियम आले तेव्हापासूनचा. त्या चिन्हातून दूध नाही एवढं कळतं, हात कुणाचे भाजले ते कळत नाही.

प्रकृतीच्या बाबतीत पुस्तक प्रामाणिक आहे आणि त्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. बी १२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, गोळी घ्या, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं आहे. लेक घेते. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या आसपास. मात्र नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून ती भिजवून, मोड आणून वापरणं चांगलं. नाचणीचं सत्त्व आमच्याकडे आधी फक्त तान्ह्या पोरांसाठी व्हायचं, आता सगळ्यांसाठी होतं.

गणपती जवळ आलेत. मोदकांचा प्रश्न सोपा आहे: उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल तेल घातलं तरी ती तितकीच मऊ मळली जाते, सारणात ओलं खोबरं आणि गूळ. अडचण पंचामृताची. दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातली चार लेकीला चालत नाहीत. मी तिला विचारलं, काय करायचं?

"देवापुढे काय ठेवायचं ते तू आणि आजी ठरवा," ती म्हणाली. "मी फक्त तीर्थ घेणार नाही. तेवढं चालवून घ्या."

सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीर्थ तुळशीच्या पाण्याचंही असतं. दुसऱ्या पंचपात्रीत ठेवू."

ते ठरलं. मोदक फोडल्यावर वर काय घालायचं ते अजून ठरायचं आहे. आमच्यासाठी तूप असेलच. लेकीसाठी नारळाचा पहिला दाट रस काढायचा यावर आमचं एकमत आहे. त्यात चिमूटभर मीठ घालायचं की नुसताच ठेवायचा, यावर नाही.